लहान गावाचा संघ हलवताना गावाला कोण विचारतं?

कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीचा एखादा संघ गाव सोडून गेला की तोच वाद पुन्हा पेटतो. 2025 मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्या बाथर्स्टचा ‘टायटन’ संघ न्यूफाउंडलँडमधल्या सेंट जॉन्सला गेला, तेव्हाही तेच झालं. एक बाजू म्हणाली, हा धंदा आहे, तिकिटं खपत नव्हती, विषय संपला. दुसरी बाजू म्हणाली, गद्दारी झाली. पहिल्यांच्या लेखी गाव म्हणजे गिऱ्हाईक; दुसऱ्यांच्या लेखी गाव म्हणजे बिचारं फसवलं गेलेलं कुणीतरी. मला दोन्ही मांडण्या मुळातच चुकीच्या वाटतात. गाव या व्यवहारात भागीदार असतं. त्यानं पैसा घातलेला असतो, जागा दिलेली असते, घरं उघडी केलेली असतात. फक्त निर्णयाच्या बैठकीला त्याला बोलावलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्युनिअर संघ हलवायचा अधिकार एकट्या मालकाकडे आणि त्याच्यासारख्याच इतर मालकांच्या मंडळाकडे राहता कामा नये. हलवण्याआधी पूर्ण हंगामाची सूचना, वाजवी किमतीला संघ विकत घेण्याचा पहिला हक्क आणि संघ गेलाच तर नाव व इतिहास ठेवून घेण्याचा हक्क, एवढं गावाला लेखी मिळालं पाहिजे.

आधी हा खेळ कुठल्या पातळीवरचा आहे ते सांगायला हवं, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. कॅनडात ज्युनिअर हॉकीच्या तीन मोठ्या लीग आहेत: पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल, ओंटारिओची ओएचएल आणि क्वेबेक व किनारी प्रांतांची क्यूएमजेएचएल. तिन्हींचे मिळून साठ-एक संघ होतात. खेळणारी मुलं साधारण 16 ते 20 वर्षांची. एखाद्या मुलाचे खेळण्याचे हक्क तो चौदा-पंधरा वर्षांचा असतानाच एखाद्या संघाकडे जातात आणि तो आईवडिलांपासून हजार किलोमीटरवरच्या गावात राहायला येतो. तिथं तो हॉटेलात किंवा होस्टेलमध्ये राहत नाही. गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतो. त्या घरात त्याला स्वतंत्र खोली मिळते, फ्रीजमधला एक कप्पा त्याच्या नावावर होतो. हिवाळ्यात संघाची बस आठ-दहा तासांचा प्रवास करून पहाटे दोन-तीनला परत येते, तेव्हा त्या घरातली बाई ताट झाकून ओव्हनमध्ये ठेवून झोपलेली असते आणि सकाळी त्याच मुलाला शाळेसाठी हलवून उठवते. यासाठी त्या कुटुंबाला महिन्याला काही रक्कम मिळते, पण सतरा वर्षांचा हॉकीपटू किती खातो हे पाहिलेला माणूस त्या रकमेला मोबदला म्हणणार नाही. हे सगळं संघाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, आणि ते काढून घेतलं तर संघ एक महिनासुद्धा चालणार नाही.

आता क्रॅनब्रुकची गोष्ट. ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय टोकाला, रॉकी पर्वतरांगेच्या पायथ्याशी वसलेलं वीस हजार वस्तीचं हे गाव. 1998 मध्ये तिथं ‘कूटनी आइस’ हा डब्ल्यूएचएलचा संघ आला. तोही बाहेरूनच आलेला. 1996 मध्ये एडमंटनमध्ये सुरू होऊन दोन वर्षांत तिथून निघालेला. मालक चायनोविथ कुटुंब. त्यातले एड चायनोविथ हे या लीगचे अनेक वर्षांचे अध्यक्ष, आज लीगच्या विजेत्याचा चषक त्यांच्याच नावाचा आहे. गावानं संघाला चार हजारांहून जास्त खुर्च्यांची नवी रिंक दिली, सार्वजनिक पैशातून बांधलेली. संघानं गावाला 2000, 2002 आणि 2011 अशी तीन विजेतेपदं दिली, आणि 2002 मध्ये मेमोरियल कप, म्हणजे देशभरातल्या ज्युनिअर हॉकीचं सर्वोच्च यश. 2017 मध्ये चायनोविथ कुटुंबानं संघ विनिपेगच्या व्यावसायिकांना विकला. त्यानंतर गावातल्या लोकांनी एकत्र येऊन सीझन तिकिटांचा आकडा 2,500 वर नेण्याची मोहीम चालवली. दुकानदार, निवृत्त शिक्षक, जुने खेळाडू दारोदार फिरले. आणि 29 जानेवारी 2019 रोजी, हंगाम ऐन मध्यावर असताना, जाहीर झालं की संघ विनिपेगला चालला. त्या संघाचे उरलेले घरचे सामने गावानं पाहिले ते निरोपाचे म्हणून.

मालकांच्या बाजूनं जे बोललं जातं त्यातलं सगळंच खोटं नाही, आणि ते मान्य न करता पुढं जाणं अप्रामाणिक ठरेल. क्रॅनब्रुकची प्रेक्षकसंख्या लीगमध्ये तळाला होती, दोन हजारांच्या आसपास घोटाळत होती. गाव दूर आहे, सामन्यासाठी कुठंही जायचं तर डोंगर ओलांडून बसचा लांबचा प्रवास. मोठ्या जाहिरातदार कंपन्या तिथं नाहीत. चायनोविथांसारख्या हॉकीत मुरलेल्या कुटुंबालाही शेवटी हा भार पेलणं जड गेलं, यावरूनच परिस्थिती कळते. कुणी स्वतःच्या खिशातून वर्षानुवर्षं तोटा भरत राहावा, असा हट्ट कुणालाच धरता येणार नाही. बाथर्स्टचं उदाहरण तर माझ्या मांडणीला आणखी अडचणीचं आहे. तिथला संघ परक्या मालकाच्या हातात नव्हता. 2013 पासून तो स्थानिक गुंतवणूकदारांच्या गटाकडे होता. 2018 मध्ये त्या संघानं मेमोरियल कप जिंकला. बारा हजार वस्तीच्या गावासाठी ही अचाट गोष्ट होती. आणि तरीही काही वर्षांत त्याच स्थानिक मालकांना विक्रीचा निर्णय घ्यावा लागला. म्हणजे मालक गावातला असला की संघ गावात राहतो, हे समीकरणही खरं नाही.

हे सगळं मान्य. पण क्रॅनब्रुकमध्ये प्रेक्षक का घटले? 2015-16 च्या हंगामात त्या संघानं 72 पैकी 12 सामने जिंकले, पुढच्या हंगामात 14. दोन-दोन वर्षं घरच्या रिंकवर हरणारा संघ पाहायला उणे पंधरा तापमानात, कामावरून दमून आलेली किती कुटुंबं तिकीट काढून जातील? मुंबईसारख्या महानगरात हरणाऱ्या संघाची खुर्ची रिकामी राहिली की आपण ‘संघ वाईट खेळतोय’ म्हणतो. वीस हजारांच्या गावात ती रिकामी राहिली की ‘गावाला हॉकी नको आहे’ असं म्हटलं जातं. गाव हजर राहण्यात कमी पडलं असेल, पण मैदानावरचं अपयश तर गावाचं नव्हतं. ते संघ चालवणाऱ्यांचं होतं, आणि खापर मात्र फुटलं गावाच्या डोक्यावर.

बरं, संघ जिथं गेला तिथं काय झालं? विनिपेगची वस्ती सात लाखांच्या वर. वचन होतं शहराच्या नैर्ऋत्येला साडेचार हजार खुर्च्यांच्या नव्या रिंकचं. तोवर मॅनिटोबा विद्यापीठाच्या छोट्या रिंकमध्ये खेळायचं, जिथं प्रेक्षक मावतात जेमतेम दीड हजार. म्हणजे क्रॅनब्रुकमधली जी गर्दी ‘टिकण्यासाठी अपुरी’ ठरवली गेली, ती पूर्ण भरलेल्या विनिपेगच्या रिंकपेक्षाही जास्त होती. नवी रिंक कधीच उभी राहिली नाही. मध्ये कोविड आला, बांधकामं रखडली, हे खरं. पण संघ मैदानावर असा फुलला की 2022-23 मध्ये त्यानं साखळी फेरीत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि अंतिम फेरी गाठली. आणि त्याच उन्हाळ्यात संघ पुन्हा विकला गेला, सीमा ओलांडून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात वेनाची नावाच्या गावी गेला. एडमंटन, क्रॅनब्रुक, विनिपेग, वेनाची. त्यातलं क्रॅनब्रुक एकटंच असं, जिथं संघ वीस वर्षांहून जास्त टिकला. ‘लहान गावात टिकत नाही’ हे सूत्र या एका संघाच्या प्रवासानंच खोडून काढलं आहे. संघ सर्वांत जास्त टिकला तो सर्वांत लहान ठिकाणांपैकी एकात, आणि सर्वांत मोठ्या दोन शहरांत दोन आणि चार वर्षांत संपला.

इथं कुणी म्हणेल, हा एकच अपवाद. मग सस्कॅचवानमधलं स्विफ्ट करंट पाहू. वस्ती सतरा हजारांच्या आतबाहेर, म्हणजे क्रॅनब्रुकहून लहान. तिथला ‘ब्रॉन्कोज’ संघ 1974 मध्ये लेथब्रिजला निघून गेला होता. 1986 मध्ये गावानं तो परत आणला. त्याच डिसेंबरात संघाची बस बर्फाळ रस्त्यावर उलटून चार खेळाडू गेले. तीनच वर्षांत, 1989 मध्ये, त्या संघानं मेमोरियल कप जिंकला. 2018 मध्ये पुन्हा लीगचं विजेतेपद. हा संघ कुणा व्यक्तीच्या मालकीचा नाही. गावाच्या मालकीची, नफा न वाटणारी संस्था तो चालवते, संचालक मंडळ सभासदांतून निवडलं जातं. मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट आणि लेथब्रिज इथले संघही असेच गावाच्या मालकीचे. प्रिन्स अल्बर्ट 2019 मध्ये विजेता ठरला, मूस जॉ 2024 मध्ये. मूस जॉचा संघ तर 1984 मध्ये विनिपेगहूनच आलेला आहे: मोठ्या शहरातून लहान गावात, आणि तिथं चाळीस वर्षं ठाण मांडून. स्थानिक धनिकांच्या भागभांडवलावर उभा असलेला संघ आणि सभासदांच्या संस्थेचा संघ यांतला फरक इथंच आहे. भागधारकाला एक दिवस आपले पैसे मोकळे करायचे असतात. संस्थेला विकून जाण्यासारखी दुसरी जागाच नसते. गाव करील ते राव काय करील, असं आपण म्हणतो. या चार गावांनी ते हिशेबाच्या वह्यांत करून दाखवलं आहे.

गावाच्या मालकीनं सगळं पवित्र होतं असं मी म्हणत नाही. निवडून आलेल्या संचालक मंडळांचं पुढं काय काय होऊ शकतं, हे साखर कारखाने आणि सहकारी बँका पाहिलेल्या मराठी वाचकाला मी सांगायची गरज नाही. आणि स्विफ्ट करंटमध्येच, त्या 1989 च्या यशाच्या काळात, संघाचा प्रशिक्षक खेळाडूंवर लैंगिक अत्याचार करत होता. 1997 मध्ये तो दोषी ठरला. गावाच्या अभिमानानं त्या मुलांचं रक्षण केलं नाही. म्हणून सभासदांची मालकी हे सर्व रोगांवरचं औषध नव्हे. माझा मुद्दा मर्यादित आहे: लहान गावाला मोठा संघ आर्थिकदृष्ट्या झेपतच नाही, हे विधान खोटं आहे, आणि संघ हलवण्याच्या प्रत्येक निर्णयाचा पाया हेच विधान असतं.

आता मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट. 2014 मध्ये कॅनडातल्या आजी-माजी ज्युनिअर खेळाडूंनी किमान वेतनासाठी सामूहिक दावा लावला. ही मुलं आठवड्याला पन्नास तास आणि त्याहून जास्त वेळ देतात, तिकिटं त्यांच्या जिवावर विकली जातात, मग त्यांना कर्मचारी का म्हणायचं नाही, हा त्यांचा प्रश्न होता. लीगचं उत्तर काय होतं? की ही मुलं विद्यार्थी-खेळाडू आहेत, आम्ही त्यांच्या प्रत्येक हंगामामागे शिष्यवृत्ती देतो, आणि किमान वेतन लावलंत तर लहान गावांतले संघ बंद पडतील. ब्रिटिश कोलंबियासह अनेक प्रांतांच्या सरकारांनी ही बाजू ऐकून घेतली आणि या खेळाडूंना किमान वेतनाच्या नियमांतून वगळलं. शिष्यवृत्तीचं महत्त्व मी कमी लेखत नाही. कित्येक मुलं त्यावर पदवीधर झाली आहेत. पण पाहा काय घडलं. कायद्यातून सूट मागताना लहान गाव पुढं केलं गेलं: आम्ही धंदा नाही, आम्ही गावाची संस्था आहोत. आणि काही वर्षांतच त्याच प्रांतातल्या लहान गावातून संघ नेताना सांगितलं गेलं की हा धंदा आहे. संघ गावाची संस्था असेल तर गावाला विचारा. आणि धंदा असेल तर मुलांना पगार द्या. सरकारकडून सवलत घेताना एक आणि गाव सोडताना दुसरं, हे चालणार नाही. सार्वजनिक सवलतीला सार्वजनिक अट जोडणं यात कुठला अन्याय आहे?

मालकी हक्काचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो भावनेनं उडवून लावता येत नाही. सक्तीनं संघ ताब्यात घ्यायला गेलं की काय होतं हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरानं पाहिलं आहे. 1984 च्या मार्चमध्ये मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात शहराला ‘कोल्ट्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ संपादित करू देणारं विधेयक पुढं सरकलं, तशी कोल्ट्सच्या मालकानं रात्रीत ट्रक मागवले आणि पहाटेपर्यंत संघाचं सामानसुमान इंडियानापोलिसच्या रस्त्याला लागलं. म्हणून संकट आल्यावर कायद्याचा बडगा उगारण्यात मला अर्थ दिसत नाही. अटी आधी घालायच्या असतात, संघ येतो तेव्हा, रिंकचा करार होतो तेव्हा. त्या क्षणी मालकाला गाव हवं असतं, आणि गावाच्या हातात काहीतरी असतं. अकरा वर्षांनी क्लीव्हलंडचा ‘ब्राउन्स’ हा त्याच खेळातला संघ बाल्टिमोरलाच जायला निघाला, तेव्हा क्लीव्हलंड शहर करार हातात घेऊन कोर्टात उभं राहिलं. तडजोडीत मालक खेळाडू घेऊन गेला, पण संघाचं नाव, रंग आणि जुने विक्रम शहराकडे राहिले, आणि 1999 मध्ये त्याच नावाचा संघ पुन्हा मैदानात उतरला. मालकाची मालमत्ता कुणी हिसकावली नाही. जे शहराचं होतं ते शहराला मिळालं, एवढंच.

नाव आणि इतिहास हा भावनेचा प्रश्न आहे असं वाटत असेल तर लंडनमधल्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबची गोष्ट आठवा. 2002 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं नेमलेल्या आयोगानं विम्बल्डन क्लबला सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली, आणि चाहत्यांनी नवा क्लब उभारणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही असंही सुनावलं. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात क्लब काढला. नऊ वर्षांत, 2011 मध्ये, तो पायरी पायरी चढून फुटबॉल लीगमध्ये पोचला. 2020 मध्ये प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून जवळच, नव्या मैदानात परतला. मिल्टन कीन्सच्या क्लबनं विम्बल्डनच्या जुन्या चषकांवरचा आणि इतिहासावरचा दावा 2007 मध्ये सोडून दिला. ज्या गोष्टीला तज्ज्ञांनी निरर्थक हळवेपणा ठरवलं होतं, तिनंच एक टिकाऊ क्लब उभा केला. क्रॅनब्रुकमध्येही तसंच काहीसं घडलं. 2011 च्या विजेत्या संघाचा गोलरक्षक नेथन ल्यूवेन यानं पुढाकार घेऊन गावात ‘बक्स’ हा नवा संघ आणला, एका वेगळ्या लीगमध्ये, त्याच रिंकमध्ये. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्या गावानं आपल्याला वाढवलं त्या गावात परतून संघ काढणाऱ्या माणसाच्या मनात तिथल्या घरांची किंमत काय असेल, हे कुठल्याही प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यातून मोजता येणार नाही.

आपल्याकडे हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये इंडियन सुपर लीगमधून बाहेर पडला आणि त्याची जागा घेतली हैदराबादनं. हैदराबादनं 2022 मध्ये विजेतेपद मिळवलं आणि 2025 मध्ये तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. बालेवाडीत घोषणा देणाऱ्या पोरांना कुणी विचारलं होतं? फरक इतकाच, की आपल्याकडे त्यावर धड वादसुद्धा झाला नाही. फ्रँचायझी म्हटलं की ती कुणाच्या तरी खिशातली चीज, असं आपण गृहीतच धरून बसलो आहोत.

मोठ्या शहरातल्या मुलांनाही चांगली हॉकी पाहायचा हक्क आहे, हा आक्षेप मी शेवटी घेतो, कारण त्याचं उत्तर लीगनंच दिलं आहे. नव्या ठिकाणी संघ हवा असेल तर नवा संघ सुरू करता येतो. दुसऱ्याचा उचलून आणणं हा एकच मार्ग नसतो. 2011 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकचा ‘ब्रुइन्स’ संघ अवघ्या पाच हंगामांनंतर उचलून व्हिक्टोरियाला नेला गेला. तेव्हाही गावाची क्षमता, बाजारपेठ, प्रेक्षक असले शब्द ऐकू आले. आणि आता डब्ल्यूएचएलनं विस्तार करताना पेंटिक्टनला 2025-26 पासून आणि त्याच चिलिवॅकला 2026-27 पासून नवा संघ द्यायचं ठरवलं आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या गावात राम नव्हता, तिथं आज लीग आपण होऊन परत येते आहे. मधल्या काळात गाव जागचं हललेलं नाही.

तेव्हा चिलिवॅकच्या लोकांनी आणि नगरसेवकांनी या वेळी रिंकचा करार डोळ्यांत तेल घालून वाचावा. संघ विकायला काढला तर आधी गावातल्या खरेदीदाराला विचारायचं, वाजवी किंमत त्रयस्थानं ठरवायची. हलवायचं ठरलं तर एक पूर्ण हंगाम आधी जाहीर करायचं, म्हणजे घरात मुलं ठेवणाऱ्या कुटुंबांना आणि शाळा बदलाव्या लागणाऱ्या मुलांना जानेवारीत बातम्यांतून कळायला नको. आणि नाव, रंग, विक्रम गावाच्या ताब्यात राहतील. मालक म्हणेल, अशा अटी कुणी मान्य करत नाही. तर त्याला सांगावं, रिंक आमची आहे, आणि पंधरा वर्षांपूर्वी तुमच्याच लीगनं आम्हाला अट घालायला शिकवलं आहे.